बाजारहाट आणि गृहस्थधर्म

आपल्या भाषेने बाजाराचा फारसा मान राखलेला नाही. 'बाजारी', 'बाजारगप्पा', 'बाजारबुणगे', 'दुःखाचा बाजार मांडणे' हे शब्दप्रयोग पाहिले, तर प्रत्येकाच्या तळाशी थोडा तिरस्कार साठलेला दिसतो. देवळाची पायरी चढताना मन उंचावते आणि बाजाराची वाट धरताना ते खाली येते, अशी आपली एक जुनी समजूत आहे. त्यामुळे घरच्या माणसांसह बाजारास जाण्यात जो आनंद आहे त्याविषयी गंभीरपणे काही लिहावे, हे काही वाचकांस अस्थानी वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या गोष्टी आपण वारंवार करतो आणि ज्यांचा कधी विचार करीत नाही, त्यांतच पुष्कळदा आपली नीती ठरत असते. बाजारहाट ही त्यांपैकीच एक गोष्ट होय.

गेल्या काही वर्षांत या गोष्टीचे स्वरूप पार पालटले आहे. दिवाळीचे कापड, मुलांची पादत्राणे, स्वयंपाकघरातील डबे, देवघरातील समई, इतकेच नव्हे तर आठवड्याची भाजीसुद्धा मोबाइलच्या काचेवर बोट फिरवून मागविता येते आणि ती दारात येऊन पडते. सोय मोठी आहे यात वाद नाही. आजाऱ्याचे औषध, पाय थकलेल्या वृद्धांस लागणारे जिन्नस, नोकरी आणि घर या दोहोंत ओढल्या जाणाऱ्या गृहिणीचा वाचणारा वेळ, या साऱ्यांचे मोल आम्ही जाणतो. परंतु या सोयीबरोबर एक सूक्ष्म फरक घरात शिरला आहे, तिकडे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते. घरात चार माणसे असली तर चार मोबाइल असतात आणि चौघांची खरेदी चार दिशांनी चालते. संध्याकाळी दारावर पुडके येते तेव्हा घरातीलच माणसे एकमेकांस विचारतात, "हे कोणाचे?" बाजार घरात आला, परंतु घर बाजारात जाईनासे झाले.

आणि तरीही, 2020 च्या मार्चात टाळेबंदी होऊन बहुतेक दुकाने मिटली आणि पुढे यथावकाश उघडली, तेव्हा कितीतरी कुटुंबे लहानथोरांसह पुन्हा पेठांतून हिंडू लागली. त्यांना वस्तू मिळत नव्हत्या म्हणून ती गेली असे नव्हे. वस्तू तर दारात येतच होत्या. मग ती कशासाठी गेली? या आनंदाचे मूळ वस्तूत आहे की अन्य कशात? आणि हा आनंद सद्गृहस्थाने बाळगण्याजोगा आहे की मोहानेच घेतलेले ते एक सोज्ज्वळ रूप आहे?

हा प्रश्न आम्ही ग्वाल्हेरच्या निमित्ताने मांडीत आहो, त्याला कारण आहे. ग्वाल्हेरचे जुने गाव किल्ल्याच्या पायथ्याशी. परंतु आज ज्यास लष्कर म्हणतात तो शहराचा भाग दौलतराव शिंद्यांच्या फौजेने 1810 च्या सुमारास तेथे तळ दिला, त्यातून वाढला. मराठ्यांच्या फौजा एकट्या चालत नसत. शिपायाबरोबर पुष्कळदा त्याचे बिऱ्हाड असे आणि बिऱ्हाडांबरोबर वाणी, सराफ, शिंपी, तांबट यांचा बाजार असे. टॉमस ब्राउटन नावाचा इंग्रज अधिकारी 1809 साली दौलतरावांच्या छावणीत होता. त्याने लिहिलेली पत्रे 1813 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतून हे चालतेबोलते शहर आपल्यापुढे उभे राहते. अशा छावणीचे पाय एके ठिकाणी स्थिरावले आणि तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले. पाटणकर बाजार, फालका बाजार, दौलतगंज, जनकगंज ही नावे अजून त्या काळची साक्ष देतात. 'चिटणीस की गोठ' हे मोहल्ल्याचे नाव ऐकून तर आपला 'गोट' आठवल्यावाचून राहत नाही. सारांश, लष्करच्या मराठी घरांना बाजार हा परका प्रदेश कधीच नव्हता. घर आणि बाजार एकाच मुक्कामाला उतरलेले होते.

त्या लष्करचे हृदय म्हणजे महाराज बाडा. मध्यभागी जयाजीरावांचा पुतळा आणि भोवती टाऊन हॉल, पोस्ट ऑफिस, बँक, मुद्रणालय, व्हिक्टोरिया मार्केट अशा निरनिराळ्या शैलींच्या इमारती. सराफा, पाटणकर बाजार, टोपी बाजार हे सारे तेथून हाकेच्या अंतरावर. ग्वाल्हेरची मराठी मंडळी खरेदीस निघाली की "बाड्यावर जाऊन येतो" असे म्हणतात. काय आणावयाचे ते पुष्कळदा सांगतही नाहीत. यातील व्हिक्टोरिया मार्केटची कथा मननीय आहे. 2010 साली ते आगीत सापडले. पुढे त्याची डागडुजी झाली आणि 2024 च्या डिसेंबरात तेथे भूविज्ञानाचे संग्रहालय सुरू झाले. इमारत वाचली याचा आनंदच आहे. परंतु बाजाराची वास्तू संग्रहालय होऊ शकते हे पाहिल्यावर, सहकुटुंब बाजारास जाण्याची चालही एक दिवस केवळ पाहण्याची वस्तू होऊन बसेल की काय, अशी शंका मनात येते.

या चालीत असे होते तरी काय? चंदेरी लुगड्याचे उदाहरण घेऊ. चंदेरी हे गाव पूर्वी ग्वाल्हेर संस्थानातच होते आणि तेथील रेशीमसुताचे झिरझिरीत वस्त्र ग्वाल्हेरच्या लग्नघरांत मानाचे समजले जाते. दुकानात गादीवर बैठक बसते, दुकानदार घडीमागून घडी उलगडीत जातो. बोटांनी पोत पाहावा लागतो, उजेडाकडे धरून वीण पाहावी लागते, बुट्टी भरली आहे की नाही ते उलट बाजूने तपासावे लागते. हे सारे एकटीला करता येईल. परंतु पदर खांद्यावर टाकल्यावर तो कसा दिसतो हे पाहण्यास कोणीतरी चार पावले मागे जावे लागते. तेथे बहीण लागते, जाऊ लागते, सासू लागते. "रंग चांगला आहे, पण तुला नाही खुलत," असे सांगण्याचा अधिकार असलेले माणूस लागते. आरसा आपले रूप दाखवितो, परंतु आपल्याला काय शोभते हे आपल्यावर माया करणारे माणूसच सांगू शकते.

आमच्या मते या आनंदाचे मूळ येथे आहे. सहकुटुंब खरेदी म्हणजे वस्तूंची देवघेव खरीच, पण त्याहून अधिक ती इच्छांची देवघेव आहे. घरात राहून आपण एकमेकांची कर्तव्ये जाणतो. कोण किती वाजता उठतो, कोणाचे पथ्य काय, कोणाच्या परीक्षा केव्हा, हे सारे ठाऊक असते. परंतु कोणाला काय हवेसे वाटते, हे मात्र पुष्कळदा ठाऊक नसते. ते बाजारात कळते. एरवी कधी काही न मागणारी आजी तांब्याच्या एका घाटदार फुलपात्रापाशी रेंगाळते. हिशेबी म्हणून प्रसिद्ध असलेले काका पतंगांच्या दुकानाशी थबकतात. मुलगी एक वस्तू हाती घेते, किंमत वाचते आणि काही न बोलता जागेवर ठेवते. ते ठेवणे आईच्या दृष्टीस पडते. माणसाची इच्छा हा त्याच्या अंतःकरणाचा सर्वांत झाकलेला भाग. तो येथे क्षणभर उघडा होतो आणि ज्यांच्यापुढे उघडा होतो त्यांना त्याची जबाबदारी कळते. म्हणूनच पुष्कळदा काही न घेता परत आलेली मंडळीही प्रसन्न असतात.

त्यागाचेही असेच आहे. बापाने स्वतःसाठी पाहिलेल्या चपला खाली ठेवून मुलाच्या दप्तराचे पैसे दिले, तर ते मुलाच्या डोळ्यांदेखत घडते. त्याविषयी कोणी एक शब्द बोलत नाही आणि बोलण्याची गरजही नसते. मोबाइलवर हाच बाप हाच त्याग करील. परंतु तेथे निवडलेली वस्तू यादीतून वगळली की तिचा मागमूस उरत नाही. त्याग तोच, पण तो पाहणारे कोणी नाही. कृतज्ञता ही उपदेशाने शिकविता येत नाही. ती पाहिल्याने येते. पैसे मोजताना न पाहिलेल्या मुलाला पैसा संपतो हे कसे कळावे? "आज नाही, पुढच्या महिन्यात पाहू," हे वाक्य प्रेमाच्या माणसाच्या तोंडून, त्याचा हात धरलेला असताना ऐकणे, हा शिक्षणाचा केवढा मोठा भाग आहे!

येथे कोणी म्हणेल, की इच्छा उघड्या करणे हीच मुळी घातक गोष्ट. आपल्या शास्त्रांनी तर इच्छा आवरावयास सांगितल्या आहेत. आक्षेप वजनदार आहे. सॉक्रेटिसाविषयी अशी आख्यायिका आहे की अथेन्सच्या बाजारात मांडलेला माल पाहून, आपल्याला ज्यांची गरज नाही अशा किती वस्तू जगात आहेत, असे तो म्हणे. परंतु एवढे ध्यानात घ्यावे, की हे समाधान मिळविण्यास तो बाजारात गेला होता. आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात जाजली आणि तुलाधार यांची कथा आहे. जाजलीने असे घोर तप केले की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले, आणि त्या तपाचा त्याला अभिमान झाला. त्याला धर्म शिकण्यास कोठे पाठविले? वाराणसीच्या एका वाण्याकडे, जो दुकानात बसून माल विकीत होता आणि ज्याचा तराजू सर्वांसाठी सारखा होता. वनपर्वातील धर्मव्याधाची कथाही याच जातीची. तपाचा अभिमान उतरविण्यास बाजार कामी येतो, असे आपल्या पूर्वजांना वाटले, हे विसरून चालणार नाही.

तुलाधाराचा तराजू विक्रेत्याच्या हाती होता; ग्राहकाच्या हातीही एक तराजू असावा लागतो. मोठ्या झगमगत्या दुकानात छापील किंमत निमूटपणे द्यावयाची आणि पदपथावर पणत्या मांडून बसलेल्या कुंभारणीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालावयाची, हा तराजू सारखा नव्हे. बरोबर असलेले मूल हे दोन्ही प्रसंग पाहत असते आणि आपला न्याय त्यावरून ठरवीत असते. दुसरे असे, की इच्छा आवरण्याच्या दृष्टीनेही जुना बाजारच अधिक दयाळू आहे. त्याला शेवट असतो. पाय दुखतात, पिशवी भरते, खिसा हलका होतो, दुकानाची फळी पडते, आणि "आता पुरे, घरी चला," असे म्हणणारे कोणीतरी बरोबर असते. मोबाइलवरील बाजाराला रात्र नाही आणि तेथे पुरे म्हणणारे कोणी नाही. आपण एकदा जे पाहिले तेच तो पुन्हा पुन्हा पुढे करतो. इच्छा एकान्तात जितकी माजते तितकी चारचौघांत माजत नाही.

शिवाय आपल्या धर्मपरंपरेने देव आणि बाजार यांत खरोखर वैर मानले आहे काय? गोमंतकीय वाचकांस हे निराळे सांगावयास नको. महादजी शिंद्यांचे सेनापती जिवबादादा बक्षी हे मूळचे गोमंतकातील केरकर. उत्तरेच्या छावणीत जी माणसे आली ती आपल्याबरोबर जत्रेची आठवण घेऊनच आली असतील. जत्रेत आधी देवाचे दर्शन, पालखी, ओटी आणि मग फेरीतील दुकाने. परतताना खाज्यांचे पुडे बांधून घ्यावयाचे. ते स्वतःपेक्षा जे जत्रेला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी अधिक. चवथीपूर्वी माटोळीच्या सामानाचा बाजार भरतो तेव्हा रानातली फळे, कंद आणि कणसे ओळखण्याची परीक्षाच घरातील वडीलधारी मंडळी मुलांची घेतात. पावसाळ्यापूर्वीचे पुरुमेंत ही तर अख्ख्या घराची मसलत. चार महिने कोणाला काय लागेल, याचा विचार त्यात आधी करावा लागतो. या सर्वांत खरेदी आहे, पण ती देवाच्या आणि माणसांच्या निमित्ताने आहे.

ग्वाल्हेरात या गोष्टीची जागा मेळ्याने घेतली. माधवराव शिंद्यांनी 1905 साली पशुमेळ्याच्या रूपाने सुरू केलेला हा मेळा आज व्यापारमेळा म्हणून विख्यात आहे आणि हिवाळ्यात तो आठवडेच्या आठवडे चालतो. गुरांच्या जागी मोटारी आल्या. अलीकडे काही वर्षे मेळ्यात घेतलेल्या वाहनांच्या मार्गकरात शासनाने निम्मी सूट दिल्यामुळे कित्येक घरांची मोटार मेळ्यातच ठरते. तीत कोण कोठे बसणार याचा निकाल मुले तेथेच उभ्या उभ्या लावून टाकतात. भलामोठा पापड वाटून खावा, थंडीत कुडकुडत सॉफ्टी खावी, पाळण्यात बसावे, आणि अर्धे फिरणे झाल्यावर आपण घ्यावयास आलो होतो ती वस्तू राहिलीच, हे आठवून हसावे, अशी ही रीत.

याच दिवसांत संक्रांत येते. सुमारे 40 किलोमीटरवरच्या मुरैन्याची गजक 2023 साली भौगोलिक निर्देशांक मिळवून बसली. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तिळगुळाच्या वड्यांशेजारी ती केव्हाच बसली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी वाणाची खरेदी करणाऱ्या बायका पाहाव्या. एकच वस्तू डझनांनी घ्यावयाची आणि ती सारी वाटून टाकावयाची. "मागल्या वर्षी गाळणी दिली होती, यंदा काय?" यावर सासूसुनांची चर्चा रंगते. लुटण्यासाठी खरेदी करणे, ही कल्पना ज्या समाजाला सुचली त्याने बाजाराला मोहाच्या तावडीतून बरेच सोडविले आहे असे म्हणावे लागेल.

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आमचाच तराजू कललेला ठरेल. जुन्या काळच्या बाजारहाटाचे चित्र सर्वांसाठी सारखे गोड नव्हते. पैशाचा बटवा एकाच्या हाती असे आणि बाकीचे त्याच्या मुद्रेकडे पाहत चालत. सुनेला काय हवे हे तिला कोणी विचारीत नसे. मुलाला नवी वस्तू आणि मुलीला त्यातल्या त्यात स्वस्त, हा व्यवहार पुष्कळ घरांत चाले. कासाराच्या दुकानात साऱ्याजणी हात पुढे करीत असता घरातील विधवा बाहेर पिशव्या सांभाळीत उभी असे. अशा स्त्रीच्या नातीला आज स्वतःच्या मिळकतीतून, कोणाची परवानगी न घेता, आपल्या आवडीची वस्तू मागविता येते. तिला त्यात जी मोकळीक वाटते तिची थट्टा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. तिच्या दृष्टीने एकान्तातील खरेदी हा दुरावा नसून तो सुटकेचा श्वास आहे.

म्हणून सहकुटुंब बाजारास पुन्हा जावयाचे ते जुन्या बटव्यामागे नव्हे. ज्या घरात एकाचीच इच्छा चालते तेथे मंडळी बरोबर गेली काय आणि न गेली काय, बाजार एकट्याचाच असतो. आनंदाची अट ही, की प्रत्येकाला मागता यावे आणि प्रत्येकाला नाहीही म्हणता यावे. घरात किती पैसा आहे हे मिळवत्या सर्वांस, आणि समजत्या मुलांसही, ठाऊक असावे. ज्याच्या वाट्याला आजवर पिशव्या सांभाळणे आले त्याला आधी विचारावे. ही अट पाळली तर सून आपल्या इच्छा लपविणार नाही आणि मुलगा आपली खरेदी लपविणार नाही.

गरिबीचाही विचार केला पाहिजे. ज्यांना केवळ पाहून परतावे लागते त्यांना बाजाराचा आनंद सांगणे क्रूरपणाचे होईल. तरी आम्हांस असे दिसते, की मेळ्यातील गर्दीत निम्म्याहून अधिक माणसे फारसे काही घेत नाहीत. एक फुगा, एक कंगवा, मूठभर शेंगदाणे घेऊन ती हसतमुखाने घरी जातात. त्यांच्यापाशी असे काही असते जे विकत मिळत नाही. आणि ज्या घरी दररोज पुडकी येतात त्या घरी ते असेलच, असा भरवसा नाही.

शास्त्रांनी त्यागपूर्वक भोग घ्यावा असे सांगितले आहे. भोग टाकावा असे गृहस्थाला सांगितलेले नाही. हा त्याग आणि हा भोग एकत्र शिकण्याची जागा अरण्यात नाही, ती घरातल्या माणसांच्या सोबतीत आहे. दररोजच्या पिठामिठाला सोय जरूर वापरावी. परंतु सणाचे वस्त्र, घरात सर्वांनी वापरावयाची वस्तू, लग्नाचा आहेर, देवघरातील उपकरण, यांच्यासाठी वर्षातून चार वेळा तरी सर्वांनी मिळून निघावे. वृद्धांच्या चालीने चालावे. मुलाला त्याच्या पैशांत एक वस्तू निवडू द्यावी आणि ती निवड चुकली तरी हसू नये. आणि जो येऊ शकला नाही त्याच्यासाठी काहीतरी आठवणीने घ्यावे. त्याला काय आवडेल यावर चौघांनी क्षणभर विचार करणे, हाच त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा व्यवहार होय.